प्रादेशिक सेनेत असताना परदेशी शिक्षणाची तयारी : पलटणीला कधी सांगावे आणि तारखा कशा जुळवाव्यात?

प्रश्न – कुपवाडचा शिपाई

नमस्कार. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात नोकरी करतो आणि तीन वर्षांपासून प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मीत) शिपाई आहे. पलटणीचे नाव आणि आमच्या हालचाली येथे लिहिणे उचित नाही, म्हणून तेवढे वगळून अडचण मांडतो. माझ्याकडे शिवाजी विद्यापीठाची यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी आहे आणि ओतकामाच्या तंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी ऑक्टोबर २०२६ च्या सत्रात जर्मनीला जाण्याची माझी इच्छा आहे. कारखान्यात ओतीव भागांमधली छिद्रे शोधून माल नाकारणे हे माझे रोजचे काम आहे. ती छिद्रे मुळात का पडतात आणि साच्यातच ती कशी रोखावीत, हे मला मुळापासून शिकायचे आहे.

अडचण तारखांची आहे. वर्षातून दोन महिने प्रशिक्षणासाठी हजर व्हावे लागते आणि त्याच्या तारखा आपल्या हातात नसतात. या वर्षी मी पुण्यात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा ठरवून पैसे भरले होते. नंतर शिबिराच्या तारखा आल्या, त्या नेमक्या त्याच आठवड्याच्या निघाल्या आणि परीक्षा हुकली. शिबिरात अभ्यास अगदीच होत नाही असे नाही. रात्रीची गिनती (हजेरी) झाल्यावर मच्छरदाणीत बसून मी शब्दांची वही काढतो, आणि शेजारच्या खाटेवरचा सोबती, जो गावाकडे ट्रॅक्टर चालवतो आणि ज्याला स्वतःला इंग्रजी फारसे येत नाही, तो ती वही हातात घेऊन मला रोज दहा शब्दांचे अर्थ विचारतो. परंतु पहाटेच्या पीटीनंतर दिवसभर मैदानावर राहिल्यावर सलग दोन तास बसणे होत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पलटणीला हा बेत आत्ताच सांगावा, की प्रवेश हातात आल्यावर? मध्येच बोलावणे आले तर विद्यापीठातील जागेचे काय होते? आणि तिसरी गोष्ट अशी की, एका सल्लागाराने मला व्हिसाच्या अर्जात सैनिकी सेवेचा उल्लेखच करू नका, उगाच चौकशा वाढतात, असे सांगितले. ते मनाला पटले नाही. पण जाणकारांचे मत हवे आहे. वडिलांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि खर्चाचा मोठा भाग बेदाण्याच्या पैशांतून उभा राहायचा आहे, त्यामुळे चूक परवडणारी नाही.

उत्तर – निवृत्त सुभेदार, सातारा तालुका

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. मी प्रादेशिक सेनेतूनच निवृत्त झालो आहे, तेव्हा तुझी ओढाताण मला परकी नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : आत्ताच सांग, आणि लेखी सांग. पासपोर्ट हातात असला तरी गणवेशातल्या माणसाला परदेशी जाण्यासाठी वरिष्ठांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि ती कंपनी कमांडरांमार्फत कमांडिंग ऑफिसरांपर्यंत आणि गरजेप्रमाणे पुढे जाते. या वाटेला वेळ लागतो. माझ्या हाताखालच्या एका जवानाने प्रवेशपत्र, कर्ज आणि विमानाचे तिकीट अशी सगळी जमवाजमव करून शेवटच्या महिन्यात अर्ज दिला. त्याच्यावर कोणाचा राग नव्हता, सगळ्यांना त्याचे कौतुकच होते. परंतु कागद टेबलांवरून फिरून येईपर्यंत सत्र सुरू होऊन गेले. तोच अर्ज आठ महिने आधी आला असता, तर आम्हीच त्याचा पाठपुरावा केला असता.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःशी एक गोष्ट ठरव. तुला सेवेत राहून शिकायचे आहे, की सेवामुक्ती घेऊन? प्रादेशिक सेनेत भरती होण्याची अटच मुळी अशी आहे की माणसाचा नागरी जीवनात स्वतःचा कामधंदा असावा आणि बोलावले की त्याने हजर व्हावे. दोन वर्षे सलग देशाबाहेर राहणारा जवान ही दुसरी गोष्ट पाळू शकत नाही. इतका दीर्घकाळ गैरहजर राहण्याची परवानगी गृहीत धरू नकोस. मुदतीपूर्वी सेवामुक्ती मागावी लागेल अशी मनाची तयारी ठेव. निवृत्तिवेतनाचा विचार मनात असेल तर त्याचाही हिशेब आत्ताच मांड : जवानांसाठी प्रत्यक्ष एम्बॉडी असलेली, म्हणजे बोलावून पूर्णवेळ सेवेत घेतलेली, पंधरा वर्षांची सेवा लागते, घरी असलेला काळ त्यात धरला जात नाही. तीन वर्षांच्या सेवेत तुझ्या खात्यावर थोडेच महिने जमा असतील, त्यामुळे आज सेवा सोडल्यास तुझे त्या दृष्टीने मोठे नुकसान नाही. मनाला मात्र लागेल, ते मी जाणतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रादेशिक सेना नियम १९४८ मधील नियम ३३ नुसार लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार दिले. पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियन एम्बॉडी करण्याची तरतूद त्यात आहे आणि आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी आहे. तुझ्या शिक्षणाच्या दोन वर्षांतले पहिले सव्वा वर्ष याच मुदतीत येते. तुझी पलटण त्यात येते किंवा नाही हे येथे विचारू नकोस, कंपनी ऑफिसात विचार. नियमांतली आणखी एक गोष्ट ध्यानात घे : १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यातील कलम ७-अ मुळे सेवेहून परतलेल्या माणसाला त्याच्या मालकाने नोकरीवर परत घ्यायचे असते. तुझ्या कुपवाडच्या नोकरीला हे संरक्षण आहे. परदेशातल्या विद्यापीठावर आपला कायदा चालत नाही.

तिसरा प्रश्न वाचून वाईट वाटले. आमच्याकडे अपशिंगे गावाच्या नावापुढेच मिलिटरी असे लिहिले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. तिथला कोणीही माणूस आपली सेवा लपवण्याची कल्पना करणार नाही. भावना बाजूला ठेवली तरी, इतर देशांचेच उदाहरण घे : अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात सैन्यात सेवा केली आहे का, असा थेट प्रश्न असतो आणि हो म्हटल्यास देश, शाखा, हुद्दा आणि काळ विचारतात. कॅनडाही असाच तपशील मागते. तेथे खोटे लिहिणे म्हणजे अर्ज नामंजूर होण्यास आणि पुढची दारे बंद होण्यास आपणच कारण देणे. खरे तेवढे लिही, विचारले त्यापेक्षा जास्त लिहू नकोस. हत्यारे, ठिकाणे आणि पलटणीची कामे यांबद्दल मुलाखतीत किंवा प्रवेशाच्या निबंधात एक ओळही नको.

उत्तर – मिरजेची, सध्या जर्मनीत

सुभेदार साहेबांनी सेवेची बाजू सांगितली आहे, म्हणून मी फक्त जर्मनीच्या तारखांबद्दल लिहिते. मी मिरजेची असून येथे धातुशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करत आहे.

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि अर्जाची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै असते; पण त्या तारखेवर विसंबू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत मे महिन्यात आणि काही ठिकाणी मार्चमध्येच संपते. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारा दाखला, आवश्यक आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि तपासणीला कित्येक आठवडे लागू शकतात. तुम्हाला शिबिरात जावे लागते म्हणून हे काम सर्वांत आधी हातावेगळे करा, कारण यात कागद पाठवल्यावर तुम्ही कोठे आहात याने काही बिघडत नाही. विद्यापीठाची गुणपत्रके आणि मोहोरबंद पाकिटातला ट्रान्सक्रिप्ट यांसाठी कोल्हापूरला जावे लागेल. दोन प्रती जास्त घ्या. मी एकच घेतली होती, आणि दुसऱ्या विद्यापीठाने मागितल्यावर आईला मिरजेहून पुन्हा विद्यापीठात जाऊन रांगेत उभे राहावे लागले.

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो. त्यामुळे ती परीक्षा प्रवेशाच्या वर्षातच द्यावी असे नाही. शिबिर संपून घरी आलात की पुढच्या महिन्याभरातली तारीख घ्या, कारण लगेच दुसरे शिबिर लागण्याची शक्यता तेव्हा सर्वांत कमी असते. शिबिरात ऐकण्याचा सराव होणार नाही, पण शब्दांची वही होते, हे तुम्हीच लिहिले आहे. तुमच्या त्या सोबत्याला माझा नमस्कार सांगा.

ओतकामासाठी आखेन आणि फ्रायबेर्ग या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र फाउंड्री संस्था आहेत. फ्रायबेर्गची खाणविद्येची संस्था १७६५ सालची आहे. बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आणि मुख्य गोष्ट : येथे मिळालेला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून देण्याची सोय सहसा नसते. बोलावणे आले आणि सत्र हुकले तर पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा लागेल. पैसे जातील ते अर्जाच्या शुल्कापुरते, कारण एपीएस आणि आयईएलटीएस पुन्हा वापरता येतात. हे माहीत असले म्हणजे तेवढी धास्ती राहत नाही.

प्रश्नकर्ता – कुपवाडचा शिपाई

साहेब, ताई, आपण दोघांनी वेळ काढून एवढे सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. साहेब, सेवामुक्तीचा विचार मी टाळत होतो. भरतीच्या दिवशी वडील मैदानाबाहेर सकाळपासून उभे होते, ते आठवते. परत आल्यावर पुन्हा भरती होता येते का, एवढे सांगावे.

उत्तर – निवृत्त सुभेदार, सातारा तालुका

वयात बसत असशील तर प्रयत्न करता येतो. जवानांसाठी वयोमर्यादा १८ ते ४२ आहे. तू दोन-तीन वर्षांनी परत आलास तरी त्यात बसशील; पण ती नवी भरती असेल, मेळाव्याला जाऊन पुन्हा धावावे लागेल. पदवीधराला अधिकाऱ्याच्या परीक्षेचीही वाट आहे, तिची वयोमर्यादाही तीच आहे. आज सेवा सोडताना कागदपत्रांवर वर्तणुकीचा शेरा चांगला असेल याची काळजी घे. त्यासाठी चालू वर्षाचे प्रशिक्षण पूर्ण करून मगच जा, अर्धवट सोडू नकोस.

उत्तर – निवृत्त बँक अधिकारी, सांगली

पैशांबद्दल थोडे. जर्मनीसाठी सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरोचा दर शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. ती तुम्हालाच दर महिन्याला ९९२ युरो अशी परत मिळते, म्हणून तिला खर्च न मानता आधी अडकणारे भांडवल माना. अडचण वेळेची येते. बेदाणा शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु व्हिसाची तारीख भावासाठी थांबत नाही. तुमच्या वडिलांशी बसून किती माल कोणत्या महिन्यात काढायचा हे आत्ताच ठरवा आणि उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्जाची मंजुरी प्रवेशाआधीच तत्त्वतः घेऊन ठेवा. मराठा किंवा कुणबी प्रवर्गात येत असाल तर पुण्यातील सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती पाहा. तीत विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे लागते, त्यामुळे आखेन त्यात बसते, फ्रायबेर्ग बसत नाही.

प्रश्नकर्ता – कुपवाडचा शिपाई

काल रात्री वडिलांजवळ हा विषय काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग शीतगृहाच्या पावत्यांची पिशवी घेऊन आले आणि निम्मा माल जानेवारीत काढू म्हणाले. एपीएसचे कागद या आठवड्यात पाठवतो आहे. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहायला घेतला आहे : चालू वर्षाचे प्रशिक्षण पूर्ण करीन, प्रवेश मिळाल्यास सेवामुक्ती द्यावी आणि तोपर्यंत केव्हाही बोलावल्यास हजर राहीन, एवढा मजकूर त्यात आहे. सोमवारी कंपनी ऑफिसात देतो. एक प्रत सहीशिक्क्यासह माझ्याकडे ठेवीन.