मदत हवी आहे : बाळाच्या दूध पावडरची शिफारस आणि कंपन्यांचा प्रभाव

सप्रेम नमस्कार. माझ्या भाचीची प्रसूती नुकतीच एका खासगी रुग्णालयात झाली. बाळ पूर्ण दिवसांचे, वजन चांगले आणि आईला दूधही येत असताना घरी सोडतानाच्या कागदावर एका कंपनीच्या दूध पावडरचे नाव लिहून दिले गेले. तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या वजन-उंचीच्या तक्त्याच्या कोपऱ्यातही त्याच कंपनीचे बोधचिन्ह होते. अर्भकांच्या दुग्धपर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात, मोफत नमुने, डॉक्टरांना भेटवस्तू आणि त्यांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसा पुरवणे, या सगळ्यावर बंदी आहे. काही बाळांना पावडर खरोखरच लागते, हे मला मान्य आहे. पण गरज काय ते न सांगता ठरावीक नाव लिहिणे मला अतिशय गैर वाटते, कारण ओली बाळंतीण त्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवते.

महाराष्ट्रात अशी तक्रार कोणी केली आहे का? ती अन्न व औषध प्रशासनाकडे करावी की जिल्हा शल्यचिकित्सकांकडे? तक्त्याचे छायाचित्र आणि त्या कागदाची प्रत एवढा पुरावा पुरेल का? भाचीचे नाव पुढे न आणता हे करता आले, तर फार बरे होईल.