टॅरोची पानं मुळात खेळायची

वरच्या चर्चेत दोघातिघांनी टॅरो, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ती चित्रांची पानं, प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून आली असं लिहिलंय, म्हणून थोडी भर. ही पानं १५व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेराराच्या दरबारांत पत्ते खेळायला बनली. हुकमाने हात जिंकायचा खेळ होता तो. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेली, सोनेरी वर्खाची पानं आजही संग्रहालयांत आहेत. इजिप्तची कथा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये छापली. तेव्हा तिथली चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती!

पण म्हणून रीडिंग, म्हणजे पानं काढून त्यांचा अर्थ लावणं, थोतांड, हे मला पटत नाही. माझ्या वेळी तलवारीची तिरी (तलवारींच्या रंगातलं तीनचं पान) निघाली. मागे ढग, पाऊस आणि लाल हृदयात आरपार तीन तलवारी. समोर रीडिंग करणाऱ्या ताईंनी तोंड उघडायच्या आत मीच घडाघडा बोलायला लागले. भविष्य कळलं नाही, पण मनात साचलेलं बाहेर पडलं.

ते चित्र पामेला कोलमन स्मिथचं. १९०९ च्या संचाची ७८ पानं तिने रंगवली, मोबदला अगदी किरकोळ मिळाला. संच मात्र रायडर-वेट म्हणून, म्हणजे प्रकाशक रायडर आणि संचाची कल्पना मांडणारा लेखक वेट यांच्याच नावाने ओळखला जातो. निदान आपण इथे तरी तिचं नाव जोडून लिहूया.