विषय: आरव्हीच्या रबरी टपावरचे ओरखडे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आमच्या आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या) टपाला झाडाची खाली झुकलेली फांदी घासली आणि पुढच्या कडेजवळ तीन ओरखडे उमटले. दोन वरवरचे आहेत, तिसऱ्यात मात्र पांढऱ्या रबराखाली काळे दिसते. आत पाणी आलेले नाही. घरात सिलिकॉनची नळी आहे. ती भरून भागेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.

उत्तर:

नमस्कार. सिलिकॉनची नळी कृपया कपाटातच राहू द्यावी. ते या रबराला धड धरत नाही, आणि पापुद्रा सुटू लागला की मागे राहणाऱ्या तेलकट थरावर पुढे योग्य सीलंटही (फटी बुजवणारा चिकट पदार्थ) चिकटत नाही. मी हा उद्योग एकदा केला आणि नंतर प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडण्यात अख्खा रविवार घालवला.

काळे दिसले म्हणून घाबरू नये. ईपीडीएम रबर (अशा टपांवर वापरले जाणारे एक कृत्रिम रबर) बहुधा वरून पांढरे आणि खालून काळे असते, त्यामुळे काळे दिसणे म्हणजे बहुतेक वेळा फक्त वरचा थर गेलेला असतो. मात्र हे सगळे रबर जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाडीचे असते; म्हणून ओरखड्याच्या दोन्ही कडा बोटांनी हलकेच ताणून पाहाव्यात, आणि तळाशी लाकडाचे तंतू दिसले तर ते आरपार फाटले आहे असे समजावे. भोवताली तळव्याने दाबल्यावर प्लायवूड मऊ लागले, तर पाणी आधीच मुरलेले आहे आणि वरून काही चिकटवून ते प्रकरण मिटणार नाही.

टप ईपीडीएमचा आहे की टीपीओचा (टपासाठीच वापरला जाणारा रबरासारखा प्लास्टिकचा प्रकार), हे गाडीच्या कागदपत्रांत पाहावे. जुन्या ईपीडीएमवर हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते, ही एक खूण. सीलंटच्या नळीवर आपल्या टपाच्या प्रकाराचे नाव असल्याखेरीज ती विकत घेऊ नये.

खरे काम स्वच्छतेचे आहे. सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रशने जागा धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावी. पेट्रोल, थिनर किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचे क्लीनर ईपीडीएमला फुगवतात, तेव्हा वास कितीही छान असला तरी ते लांब ठेवावेत.

वरवरच्या दोन ओरखड्यांना एवढे पुरे. तिसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या लॅप सीलंटचा (टपाचे सांधे आणि कडा बुजवण्याच्या सीलंटचा) पातळ थर द्यावा. पण आपली जागा पुढच्या कडेजवळची आहे, आणि तिथे टप उतरता असेल तर हे सीलंट ओघळून खाली येईल, म्हणून न ओघळणाऱ्या प्रकाराचीच नळी घ्यावी. रबर आरपार फाटले असेल तर ब्यूटाइलची (चिकट कृत्रिम रबराची) टेप कोपरे गोल कापून लावावी, भोक चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर झाकले जाईल अशी, आणि रोलरने दाबावी. टेप एकदा टेकली की सरकवता येत नाही, त्यामुळे मागचा कागद थोडा थोडाच सोडावा. दव पडलेल्या सकाळी वर चढू नये; ओले रबर पायाखालून अक्षरशः निसटते.

प्रत्युत्तर:

मनःपूर्वक आभार. कडा ताणून पाहिल्या, तेव्हा तिसऱ्या ओरखड्याच्या मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे भोक निघाले, जे शिडीवरून अजिबात दिसले नव्हते. प्लायवूड टणक आहे. त्यामुळे टेप लावली असून तिच्या चारही कडांवर सीलंटची बारीक रेघ ओढली आहे. पहिला मोठा पाऊस झाल्यावर आतून त्या जागी हात लावून पाहीन आणि इथे कळवीन.