मदत हवी आहे: अल्गार्वमध्ये जिने न उतरता समुद्र गाठता येईल असं रिसॉर्ट

सप्टेंबरअखेर पोर्तुगालला जातोय, आई-बाबांसह चौघं. फारो विमानतळावर उतरणार, स्वतः गाडी चालवणार नाही. चार रात्री ऐसपैस रिसॉर्ट हवंय, बजेट थोडं ताणू. अडचण आईच्या गुडघ्यांची. कड्यावरच्या रिसॉर्टांचे फोटो झकास, पण वाळूपर्यंत लाकडी जिनेच जिने! मेलवर विचारलं तर सगळीकडून गोलमोल उत्तरं. पाइन क्लिफ्स या रिसॉर्टला फलेझिया बीचवर उतरायला लिफ्ट आहे. लागोस गावचा मेइया प्राया बीच सपाटच आहे. अटलांटिकचं पाणी गार, म्हणून गरम पूल हवाच. शाकाहारी जेवणाची चिंता नको, मेतकूट-दशम्या सोबत असतील. कुणी राहिलं असेल तर सांगा: त्या लिफ्टपासून पाण्यापर्यंत वाळूत किती चालावं लागतं? आणि मेइया प्रायाला राहिलो तर गाडीवाचून अडतं का?