पार्कर, चंद्रशेखर आणि परत आलेला शोधनिबंध

नासाचं पार्कर प्रोब हे सूर्याचा अभ्यास करणारं यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या ६१ लाख कि.मी. जवळ गेलं. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या शास्त्रज्ञ युजीन पार्करांबद्दल थोडंसं.

धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का असते? सूर्यातून सतत कण बाहेर पडत असावेत, असं जर्मन शास्त्रज्ञ बियरमान म्हणत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ चॅपमन यांच्या गणितात मात्र सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं तप्त वायूचं बाहेरचं आवरण, स्थिर होतं. तिशीतल्या पार्करांनी दाखवलं, की दहा लाख अंशांच्या वर तापलेलं ते प्रभामंडल स्थिर राहूच शकत नाही. दूर अंतराळात त्याला थोपवून धरेल एवढा दाबच नाही. म्हणजे ते बाहेर वाहणार, आणि पुढे ध्वनीपेक्षा जास्त वेगाने. हाच सौरवात!

हे मांडणारा निबंध पार्करांनी एका शोधपत्रिकेकडे पाठवला, तर तो तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी नाकारा म्हणून कळवलं. पत्रिकेचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी १९५८ मध्ये तो छापला. मला तर या गोष्टीत पार्करांइतकेच चंद्रशेखर मोठे वाटतात. न पटलेलं छापायला धाडस लागतं राव.

१९६२ मध्ये मरीनर २ यानाने शुक्राकडे जाताना सौरवात प्रत्यक्ष मोजला. पार्कर पुढे शिकागो विद्यापीठातच राहिले, चुंबकीय क्षेत्रांवर काम करत. पार्कर प्रोबचं २०१८ चं प्रक्षेपण त्यांनी ९१ व्या वर्षी स्वतः पाहिलं. हयात व्यक्तीचं नाव नासाने यानाला दिल्याची ती पहिलीच वेळ. २०२२ मध्ये ते गेले.