बाबांचा बीपी उभं राहिलं की पडतो, गोळी बंद करू का?

नाशिकरोडकर: बाबांचा बीपी दीडशेच्या वर, पण अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. एकच गोळी चालू आहे. डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटतील. बंद करू का? लवकर सांगा.

गोदाकाठ: वय? शुगर? गोळी कुठली? बीपी उभ्याने मोजलाय का?

पंचवटीकर: बीटाचा रस आणि अनुलोम-विलोम. सिम्पथेटिक (शरीराला सावध ठेवणारी आपोआप चालणारी मज्जासंस्था) शांत झाली की बीपी आपोआप खाली येतो.

गोदाकाठ: अहो, उभ्याने पडतोच आहे, अजून किती खाली आणताय?

नाशिकरोडकर: ६८. शुगर जुनी. ॲम्लोडिपिन ५. उभ्याने नाही मोजला. रात्री लघवीसाठी टॅम्सुलोसिन असते, दिवाळीनंतर सुरू झाली. ती बीपीची नाही म्हणून लिहिली नाही.

अल्फाबीटा: तिथेच तर गोम आहे. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय-पोटात उतरतं. मानेतल्या धमनीला ताण कमी झाल्याचं कळतं, मग सिम्पथेटिक नसा नॉरॲड्रेनालिन हे रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळतात. हे रसायन जिथे चिकटतं ते अल्फा रिसेप्टरच टॅम्सुलोसिन अडवते. प्रोस्टेटवर जास्त, पण रक्तवाहिन्याही तिच्या तडाख्यातून पूर्ण सुटत नाहीत. त्यात जुन्या शुगरने नसाच मंदावल्या असतील तर झालंच.
५ मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. कोणीतरी शेजारी हवं, चक्कर आली तर लगेच बसवा. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तक्रार खरी. नाडीही लिहा.

मिसळपाव४२२: मनगटाचं मशीन घेऊ नका. दंडाचंच, पट्टा मापाचा. मेनरोडला घासाघीस होते.

पंचवटीकर: मशीन कोणी विचारलंय?

नाशिकरोडकर: आडवे १५६/८४, नाडी ७२. उभे, तिसऱ्या मिनिटाला १२२/७०, नाडी ७६.

अल्फाबीटा: वरचा ३४ ने पडला आणि नाडी जेमतेम ४ ने वाढली. एवढा पडल्यावर नाडी बरीच वाढायला हवी. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) चालू नसेल तर संशय नसांवर. मनाने काही बंद करू नका, पण आठवडाभर थांबूही नका. हे आकडे आणि दोन्ही गोळ्यांची नावं आजच डॉक्टरांना फोनवर सांगा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा शौच काळी झाली तर थेट इमर्जन्सी. तोवर उठण्याआधी काठावर दोन मिनिटं बसवा, पोटऱ्या आवळायला सांगा. हृदय-किडनीचं पथ्य नसेल तर पाणी भरपूर.

नाशिकरोडकर: फोन करतो. मशीन मनगटाचंच आहे, उभ्याने हात खाली सोडला होता. चालेल ना?

मिसळपाव४२२: 🙏

अल्फाबीटा: नाही. हात हृदयाच्या खाली असला की आकडा जास्त येतो, म्हणजे खरी घसरण ३४ पेक्षाही मोठी असणार. हात छातीच्या उंचीला टेकवून परत मोजा.