फोटोचा साइज कमी करायचाय: ब्राउझरमध्येच करावा, की ब्राउझरवर विसंबूच नये?

ठिपकेदार
ओळखपत्र, सही, तपासणीचे रिपोर्ट, मुलांचे फोटो. असल्या फायली केवळ साइज कमी करण्यासाठी कुठल्याही साइटच्या सर्व्हरवर चढवू नयेत, असं माझं ठाम मत. त्याची गरजच उरलेली नाही. ब्राउझर चित्र उघडतो, कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या कोऱ्या पाटीवर) काढतो आणि नव्याने जेपेग बांधून देतो. गूगलच्या क्रोम टीमचं २०१८ पासूनचं मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेलं) स्क्वूश हे वेबपान असंच चालतं: मोझजेपेग (जेपेगसाठी), वेबपी, एव्हीआयएफ या फॉरमॅटचे एन्कोडर (फाइल बांधणारे प्रोग्रॅम) वेबअसेंब्ली म्हणून, म्हणजे ब्राउझर चालवू शकेल अशा कोडच्या रूपात, तुमच्या ब्राउझरमध्ये उतरतात आणि काम तुमच्याच प्रोसेसरवर होतं.

क्रम मात्र पाळा. आधी लांबी-रुंदी, मग क्वालिटी. ४०००×३००० चा फोटो १६००×१२०० केला की पिक्सेल सव्वासहा पट कमी होतात, मग क्वालिटी ७५-८० ठेवूनही फाइल पुरेशी उतरते. मूळ आकार तसाच ठेवून क्वालिटी ३० वर आणली, तर जेपेगचे ८×८ चे ठोकळे उघडे पडतात. शिवाय कॅनव्हासमधून बांधलेल्या फाइलमध्ये मूळची एक्झिफ माहिती येत नाही. जीपीएस, वेळ, फोनचं मॉडेल सगळं गळून जातं.

नस्ती_उठाठेव
>> काम तुमच्याच प्रोसेसरवर होतं

कशावरून? पान म्हणतं म्हणून? एकदा बसवलेला प्रोग्रॅम अपडेट करेपर्यंत तोच राहतो. वेबपानाचा कोड साइटवाला हवा तेव्हा बदलू शकतो. मुक्तस्रोत असला तरी रिपॉझिटरीतला (जाहीर साठ्यातला) कोड आणि आज तुमच्या ब्राउझरला मिळालेला कोड एकच आहे, हे कोण पडताळतं? स्क्वूशच्याच माहितीत लिहिलंय की चित्र पाठवत नाही, पण चित्राचा आधीचा आणि नंतरचा साइज गूगल ॲनालिटिक्स या आकडेवारी गोळा करणाऱ्या सेवेकडे जातो. ते निरुपद्रवी असेल, पण 'काहीच बाहेर जात नाही' असं म्हणू नका. आणि 'सर्व साइट्सवरील डेटा वाचा व बदला' ही परवानगी घेऊन बसलेली एक्स्टेन्शन्स? गिंप किंवा इमेजमॅजिक हे संगणकावर बसवायचे प्रोग्रॅम घ्या, नेटचा प्रश्नच मिटला.

ठिपकेदार
पडताळता येतं, फक्त ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब बघून भागत नाही. तिथे आतापर्यंत काय गेलं ते दिसतं, पुढे काय जाईल ते नाही. पद्धत अशी: खासगी विंडोत साइट उघडा. आधी एखादं फालतू चित्र टाकून हवा तो फॉरमॅट एकदा चालवा, कारण एन्कोडर बऱ्याचदा निवडल्यावरच डाउनलोड होतो. मग नेट बंद. आता खरी फाइल टाका, सेव्ह करा, त्या ब्राउझरच्या *सगळ्या* खासगी विंडो बंद करा आणि त्यानंतरच नेट सुरू करा.

ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. साध्या विंडोत कोड चित्राची प्रत इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरच्या आतल्या साठ्यात) ठेवून नेट आल्यावर पाठवू शकतो. खासगी विंडो बंद झाल्यावर तो साठा पुसला जातो. एक्स्टेन्शन्सही तिथे सहसा बंदच असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर.

कोरा_कागद
गोपनीयतेवर भांडा खुशाल, पण निकाल बिघडतो त्याचं काय? साधी कॅनव्हासवाली पानं सफारीत वेबपी मागतात. सफारीचा कॅनव्हास वेबपी बांधत नाही, नियमाप्रमाणे गुपचूप पीएनजी (चित्रातलं काहीच न गाळणारा फॉरमॅट) देतो. फोटोची फाइल घटायच्या ऐवजी फुगते. पीएनजीला क्वालिटीचा आकडा लागूच होत नाही, स्लायडर नुसता सरकतो. २५६ रंगांचा स्क्रीनशॉट कॅनव्हासमधून काढला की पूर्ण रंगांचा होऊन मूळपेक्षा मोठा होऊ शकतो. फायरफॉक्समध्ये फिंगरप्रिंटिंगविरोधी (ब्राउझरच्या खुणांवरून तुम्हाला ओळखणं रोखणारी) कडक सेटिंग असेल, तर चित्राऐवजी रंगीत पट्टे येतात, कारण कॅनव्हासमधून पिक्सेल परत वाचू न देणं हेच त्या सेटिंगचं काम.

मोठ्या फोटोंचं तर विचारू नका. उलगडलेल्या प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे ४८ मेगापिक्सेलला १९२ एमबी, तेही एका प्रतीला. दहा फोटो एकदम टाकले की फोनवर टॅब कोसळतो.

ठिपकेदार
यातलं बरंचसं कॅनव्हासचं रडगाणं आहे. वेबअसेंब्लीतला एन्कोडर असेल तर सफारीतही वेबपी मिळतं. स्क्रीनशॉटला पीएनजीच ठेवा, फक्त रंग ६४ किंवा १२८ वर आणा, तेही ब्राउझरमध्येच होतं. फोटो मात्र एकेक करून टाका. आणि उठाठेव, इमेजमॅजिकचा स्ट्रिप पर्याय एक्झिफबरोबर रंगांचा प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे ती माहिती) उडवतो. डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या पद्धतीतले फोटो आधी नेहमीच्या एसआरजीबीत बदलून घेतले नाहीत, तर फिके दिसतात. ऑटो-ओरिएंट (फोटो सरळ करणारा पर्याय) आधी दिलं नाही, तर उभा फोटो आडवा होतो. तुमचा मार्गही खड्ड्यांशिवाय नाही.

नस्ती_उठाठेव
ते खड्डे एका आदेशात कायमचे बुजवता येतात. तुमची पाच पायऱ्यांची सोवळी पद्धत दर वेळी पाळावी लागते, आणि घाईत कोणी पाळत नाही.

खटपट्या
ती 'ऑफलाइन' फाइल शेवटी कोणत्या तरी पोर्टलवर चढणारच आहे, हे दोघेही विसरताय. एक्झिफ काढून चित्रात दिसणारा ओळखपत्राचा नंबर जात नाही. तो धूसर करू नका, ठोकळे केलेले आकडे अंदाजाने परत काढता येतात. त्यावर भरीव काळा चौकोन टाका, मग जेपेगमध्ये सेव्ह करा.

५० केबीची अट असेल तर: सहीचा फोटो कडेची मोकळी जागा कापून ६०० पिक्सेल रुंद करा, क्वालिटी ७० पासून खाली या. निळी शाई किंवा लाल शिक्का विटका दिसला, तर क्वालिटी वाढवण्याआधी क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करून बघा. त्या सेटिंगमध्ये रंगाची माहिती चौथाई पिक्सेलांइतकीच ठेवली जाते आणि बारीक रंगीत रेघा तिथेच मार खातात.

कोरा_कागद
आणि आयफोनची हेइक (HEIC) फाइल असेल तर आधी फोनवरच जेपेग करून घ्या. क्रोम ती उघडतच नाही, मग लोक वैतागून पहिल्या सापडेल त्या 'कन्व्हर्टर'वर चढवतात.